तेरा पावलं

मैदानाला चुना मी लावतो.
पहाटे चारला, ऊन चढायच्या आत.
डालड्याच्या डब्याला खिळ्यानं पाडलेली भोकं,
दोन खुंट्या, एक सुतळी.
कामठीपासून जरीपटक्यापर्यंत
ज्या ज्या रेषेवरून पोट्टे भांडले
ती माझ्या हातची.

तो आला तेव्हा मोतीबागेत मे महिना होता.
मॅचमागे पाचशे रुपये आणि रात्रीचं जेवण.
गाव कुमासी. नाव क्वाबेना.
मंगळवारी जन्मलेल्याचं तिकडे हेच ठेवतात म्हणे.
आमच्याकडे तर मंगळवारी नावाचा अख्खा बाजार,
आम्ही म्हणालो, मंगळ्या.
दुसऱ्या दिवशी मागून हाक मारली
तर वळून पाहिलं त्यानं.

बॉल त्याच्या पायाशी
पाळलेल्या बकरीसारखा थांबायचा.
सेहेचाळीस डिग्रीत दोन्ही हाफ पळून
टाकीच्या नळाखाली डोकं धरायचा, विचारायचा,
हिवाळा कधी येतो इथे?
डिसेंबरात, आम्ही सांगायचो, आठ दिवस.

पहिल्या वर्षी मागच्या भिंतीवरून
काहींनी माकडाचे आवाज काढले.
मी कॉर्नरचा कंस नीट करत होतो.
मान वर केली नाही. हेही लिहून ठेवतो.

मग ती फायनल.
कलकत्त्याच्या क्लबचा माणूस खुर्चीत, पांढरे बूट,
मांडीवर वही.
बरोबरी. पेनल्ट्या. शेवटची मंगळ्याची.
बॉल बारवरून गेला, भिंतीवरून गेला,
पलीकडे रेल्वे क्वार्टरात कोणाच्या तरी
वाळत घातलेल्या पापडांत पडला.
वही मिटली. माणूस हावडा मेलनं गेला.

आता ऐका.
त्या पहाटे टेप तुटलेली होती,
आणि माझी रात्रीची उतरली नव्हती.
बाराच्या जागी मी तेरा पावलं टाकली.
जन्मभर मैदानाला चुना लावला,
माणसाला एकदाच.

पुढच्या हंगामात खापरखेड्याच्या मुरमावर
त्याचा गुडघा गेला.
कळमन्यात संत्र्याच्या पेट्या मोजल्या,
सिव्हिल लाइन्सच्या खिडक्यांसमोर कागद घेऊन उभा राहिला,
आणि एका संध्याकाळी दिसला गिट्टीखदानला,
अकरा पोरं, सात जोड बूट, गळ्यात शिट्टी.
"काहून पळून राहिला बे? बॉल पळते ना!
तू जागा पाय, जागा!"
आमचीच भाषा, पण त्याच्या तोंडी
तिला एक वेगळा ठेका.

वर्षं गेली. पोरं बदलली, बूट पुरले.
मंगळ्याचे मंगळ सर झाले.
जिल्ह्याच्या लीगला मॅनेजर म्हणून
कागदावर नाव आलं तेव्हा
लाइनीबाहेर मी त्याच्यासाठी चौकट आखली.
त्यातच उभं राहायचं असतं.
नव्वद मिनिटं त्याचा एक पाय बाहेर.
पंच ओरडला, तो आत आला,
मग दुसरा बाहेर.

परवा तर्री-पोह्याच्या गाडीवर
मी सांगून टाकलं. पावलं, दारू, सगळं.
तो लिंबू पिळत होता.
"माहीत आहे," म्हणाला.
"दुसऱ्या दिवशी येऊन मोजली मी."
मग बोलला काहून नाही बे, अठरा वर्षं?
"पोलिसांच्या टीमनं तिथूनच मारल्या, चुनाभाऊ.
पाचही आत."
लिंबाची बी काढून त्यानं बशीच्या कडेला ठेवली.
"तर्री कमी आहे," गाडीवाल्याला म्हणाला.

त्याच्या पोरांचा पेनल्टीचा सराव
मी कधी नीट पाहिला नव्हता.
काल पाहिला. बॉल तेराव्या पावलावर ठेवतात.

आता माझ्याकडे नवी टेप आहे, पोलादी.
तरी मॅचच्या पहाटे तो येतो,
वाईट गुडघा ओढत माझ्यामागून चालतो,
मोठ्यानं मोजतो, नऊ, दहा,
अकरा, बारा,
आणि थांबतो.
मी डबा उलटा करतो.